कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली ही गावे मागे टाकीत नरसोबाच्या वाडीस पोचते, तेव्हा कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा तिला मिळते. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे या दोन्ही नद्यांच्या काठी दाट धुके उतरते. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. देवळांचे कळस तेवढे अधांतरी तरंगल्यासारखे भासतात. अशा वेळी माणसे घोंगडी पांघरून शेकोटीभोवती बसतात. परंतु ज्याला ते धुकेच कागदावर उतरवावयाचे आहे, त्याला शेकोटी धरून कसे चालेल? कोल्हापूरच्या पाण्याकाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते आबालाल रहिमान असेच एक चित्रकार होते.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात झाला. घरी कुराणाच्या प्रती सुंदर अक्षरांत लिहिण्याची परंपरा होती. बोरूच्या वळणांनी मुलाचा हात स्थिर केला. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळविले. मुंबईत राहते तर धनिकांची तैलचित्रे रंगवून सुखाने राहू शकले असते. ते कोल्हापुरास परतले.

त्या काळी शहराबाहेर असलेल्या कोटितीर्थ तलावाच्या परिसरात ते फकिरी वृत्तीने राहू लागले. तेच पाणी, तीच झाडे. पण पहाटेचे पाणी दुपारी राहत नाही आणि दुपारचे संध्याकाळी राहत नाही, हे त्यांनी हेरले होते. म्हणून एकच स्थळ ते निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवीत.

जलरंगांत काम करणाऱ्याचे सामान मुळातच थोडके असते. एक फळी, कागद, रंगांच्या चार वड्या, एक-दोन कुंचले. पाणी तर समोरच असते. सामान थोडे, पण काम अवघड! थंडीच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. घाईने दुसरा हात दिला, तर दोन्ही रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. वाट पाहत बसावे, तर सूर्य वर येतो आणि धुके विरून जाते. जाणता चित्रकार मग या ओलाव्यालाच कामाला लावतो. ओल्या कागदावर सोडलेला फिका रंग आपोआप पसरतो आणि त्यातूनच धुके साकारते. जेथे उजेड हवा, तेथे तो कागद कोराच ठेवतो.

आबालालांची ही साधना छत्रपती शाहू महाराजांनी ओळखली आणि त्यांना राजाश्रय दिला. बाबूराव पेंटर यांच्यासारखे तरुण कलावंतही त्यांना वडीलकीचा मान देत. पण ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज निवर्तले आणि आबालालांचा आधार तुटला. असे सांगतात की, त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ज्या पाण्यावरून ती रंगविली, त्याच पाण्यात ती विरघळली. एवढ्या वर्षांचे श्रम असे बुडवावयास मन किती विदीर्ण झाले असेल!

१९३१ साली आबालाल निवर्तले. त्यांची जी चित्रे मागे उरली, त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात.