धक्क्यांवर इलाज शोधणारा जनावरांचा डॉक्टर

रिकाम्या पिकअपच्या हौद्यात बसून गावाकडच्या रस्त्याने गेला असाल, तर कंबर अजून साक्ष देईल. तीच गाडी माल भरल्यावर मात्र बऱ्यापैकी मऊ चालते. तिचे पाटे आणि टायरमधली हवा, दोन्ही ओझ्याच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. वजनच नसेल तर दबणार काय? अमेरिकेत हेवी ड्युटी पिकअप घेणारे लोक मागे दोन चाकं बरी की चार, यावर तासन्‌तास वाद घालतात. मागे चार चाकं असली की वजन वाटलं जातं, म्हणून प्रत्येक टायरमध्ये हवेचा दाब जरा कमी ठेवता येतो. वादातला हा मुद्दा शेवटी हवेपाशी येतो. आणि चाकात ही हवा रुजवणारा माणूस इंजिनीअर नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातल्या शेतकरी कुटुंबातला. एडिंबरात पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं, काही वर्षं तिथेच काम केलं आणि १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा जम बसला, दवाखाना जोरात चालू लागला. एवढ्यावर आयुष्य आरामात निघालं असतं.

१८८७ मध्ये त्यांचा दहाएक वर्षांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. शहरातले रस्ते दगडी फरसबंदीचे आणि चाकाला भरीव रबर. प्रत्येक दगड थेट अंगात! डनलपनी लाकडाची एक मोठी चकती घेतली, तिच्याभोवती रबराची नळी गुंडाळून कापडाने ठोकून बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन चाकं घरंगळत सोडली: एक सायकलचं, एक स्वतःचं. सायकलचं चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलटं परतलं. मला विचाराल तर, प्रवासातल्या आरामाची यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ तुलना शोधून सापडणार नाही.

७ डिसेंबर १८८८ ला पेटंट मिळालं. लोक त्या जाड टायरांना हसायचे. पण १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पर्धांमध्ये विली ह्यूम हा सायकलपटू हवेच्या टायरवर उतरला आणि त्याने चक्क चारही शर्यती मारल्या. हसणं बंद. गंमत अशी की मुलाच्या आरामासाठी केलेली वस्तू विकली गेली ती वेगामुळे. डब्लिनचे उद्योजक हार्वी ड्यू क्रो यांनी त्याच वर्षी कंपनी उभी केली आणि डनलपनी आपलं पेटंट शेअर्सच्या बदल्यात दिलं.

इथे माशी शिंकली. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घोडागाडीसाठी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं! तेव्हा सायकलींचा जमाना आला नव्हता, म्हणून सगळे ते विसरले होते. डनलप यांचं पेटंट रद्दबातल ठरलं. रिमवर टायर बसवण्याची दुसऱ्यांची पेटंटं विकत घेऊन कंपनी तगली. १८९६ मध्ये ती ३० लाख पौंडांना विकली गेली, पण डनलप त्याआधीच बाहेर पडले होते. मोठा पैसा इतरांनी केला. टायरवर नाव मात्र त्यांचं राहिलं.

ट्रकना हवा मिळायला आणखी वेळ लागला. एवढं ओझं हवा पेलेल यावर कुणाचा विश्वास नव्हता, त्यामुळे मालगाड्या भरीव रबरावर खडखडत चालायच्या. १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने हवेचे टायर लावलेला ट्रक ॲक्रनहून बोस्टनला पाठवला. वाटेत टायर फुटले, पण ट्रक पोचला.

डनलप तेव्हा डब्लिनमध्ये होते, तिथल्या एका कापडाच्या धंद्यात त्यांचा हिस्सा होता. २३ ऑक्टोबर १९२१ ला ते तिथेच वारले.