रेव्हरंड टिळक : आपला मानलेला कवी, परका ठरलेला धर्म

खुलताबाद येथे चौदाव्या शतकापासून सूफी संतांची परंपरा नांदली. बुऱ्हानुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यांवर भिन्नधर्मीय भाविक श्रद्धेने जातात. बाहेरून आलेला धर्म येथील लोकजीवनाशी कसा समरस होतो, याचे हे दृश्य उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माला मात्र असे स्थान सहजी लाभले नाही. तो राज्यकर्त्यांचा धर्म, आणि धर्मांतर म्हणजे स्वजन व स्वदेश यांचा त्याग, असा समज दृढ झाला होता. या समजाची झळ ज्यांनी आयुष्यभर सोसली, त्यांत नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे अग्रगण्य होत.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. दीर्घ आत्मसंघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाईही दुरावल्या. काही वर्षांनी त्या परतल्या, तरी प्रथम त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

लोकांच्या गैरसमजाचे मूळ केवळ लोकांच्या अज्ञानात नाही, हे टिळकांनी ओळखले होते. मिशनचे परदेशी द्रव्य, पाश्चात्त्य चालीची उपासना आणि गोऱ्या मिशनऱ्यांचा अधिकार यांमुळे ख्रिस्ताचे रूपच परके भासत होते. म्हणून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करताना त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. संतकाव्याच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले. ते अपुरे राहिले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा वेतनाश्रय सोडला व साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान होते. हा विचार स्वधर्मीयांतही सर्वांना रुचणारा नव्हता. तो पुरता आकारास येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मराठी रसिकांनी 'फुलांमुलांचे कवी' म्हणून टिळकांना गौरविले. बालकवींना घरात आश्रय देणारे वत्सल कवी म्हणूनही त्यांचे स्मरण केले जाते. हा गौरव यथार्थच आहे. पण त्याच्या आडोशाने त्यांचा ख्रिस्त नजरेआड होतो. ज्या धर्माने त्यांची मराठी अधिक मराठी झाली, त्यालाच परका मानून कवीला मात्र आपले म्हणण्याची ही विसंगती आहे. 'अभंगांजली' आणि 'ख्रिस्तायन' बाजूस सारून केलेला टिळकांचा अभ्यास म्हणूनच अपुरा ठरतो.