सर रोनाल्ड रॉस आणि डासाचे वय

सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आपल्या शहराशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेत अधिकारी होते. मुलाचा ओढा काव्याकडे व गणिताकडे. वैद्यक त्याने पत्करले ते पित्याच्या आग्रहाखातर. १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश केल्यानंतरही रॉस कविता आणि कादंबऱ्या लिहीत राहिले.

हिवतापाचा परजीवी रक्तात असतो, हे लाव्हेराँ यांनी १८८० मध्येच दाखविले होते. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे मात्र अज्ञात होते. १८९४ मध्ये लंडन येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांचे लक्ष डासाकडे वेधले. परंतु मॅन्सन यांची अशी समजूत होती की, मादी रक्त पिते, थोड्याच दिवसांत पाण्यावर अंडी घालून तेथेच मरते आणि ते पाणी पिणाऱ्यास ताप येतो. डास अल्पायुषी मानल्याने तो दुसऱ्यांदा चावेल, ही शक्यताच उरली नाही. गुरूच्या या समजुतीपायी शिष्याचा बराच काळ वाया गेला. १८९५ मध्ये सिकंदराबादेस आल्यावर रॉस यांनी मेलेल्या डासांचे पाणी लोकांना पाजून पाहिले. त्यातून काहीच सिद्ध झाले नाही.

वस्तुस्थिती निराळी होती. नर डास रक्त पीत नाही. मादीला ते अंड्यांच्या पोषणासाठी लागते. ती अंडी घालून मरत नाही. पुन्हा चावते, पुन्हा अंडी घालते. तिच्या शरीरात परजीवीची वाढ पुरी होण्यास उबदार हवेतही दहा-बारा दिवस किंवा अधिक लागतात. बहुतेक माद्या त्यापूर्वीच मरतात. रोग पसरतो तो उरलेल्या थोड्या वयस्क माद्यांमुळे.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये बेगमपेट येथे रॉस यांनी अळ्यांपासून वाढविलेले ठिपकेदार पंखांचे काही डास हुसेन खान नावाच्या रुग्णास चावू दिले. डासागणिक एक आणा, असा मोबदला ठरला होता. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. डास उडून जातील म्हणून पंखाही बंद. चार दिवस डास जगविणे हीच खरी कसोटी होती. २० ऑगस्टला, चौथ्या दिवशी, जठराच्या भिंतीत काळ्या रंगकणांच्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्या अधिक मोठ्या आढळल्या. पहिल्याच दिवशी सारे डास चिरले असते, तर त्यांतले काहीच दिसले नसते.

पुढे बदली झाली. १८९८ मध्ये कलकत्त्यास मुहंमद बक्ष या साहाय्यकाच्या मदतीने रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापात परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो, हे दाखविले. म्हणजे रोग पाण्यातून नव्हे, दंशातून येतो. माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले आणि श्रेयाचा वाद वर्षानुवर्षे कडवटपणे चालला. त्या वादात रॉस यांचे वर्तन त्यांच्या कीर्तीस शोभणारे होते, असे म्हणवत नाही.

त्यांचे नंतरचे गणिती काम मात्र सामान्य वाचकास फारसे ठाऊक नाही. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी किती डास, किती दंश, किती माद्या पुरेशा जगतात, याचा हिशेब मांडला. शेवटचा डास मारण्याची गरज नाही, संख्या एका मर्यादेखाली आली की हिवताप आपोआप ओसरतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

१६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात जॉर्ज मॅकडॉनल्ड यांनी तोच हिशेब पुढे नेऊन दाखविले की, डासांची संख्या निम्मी करण्यापेक्षा त्यांचे आयुष्य थोडे घटविणे अधिक परिणामकारक असते. चावून भिंतीवर विसावणाऱ्या मादीला गाठणारी घरोघरची फवारणी याच तत्त्वावर चालते. बेगमपेटची रॉस यांची ती वास्तू पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या परजीवीशास्त्र संस्थेकडे आली आणि तिला त्यांचेच नाव देण्यात आले.