सर्पगंधेचा हिशेब मांडणारे डॉ. रुस्तम वकील

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब वर्षभर चढलेला होता, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण विश्रांती, कमी मीठ आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांपलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. त्याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या रुग्णांना एका रानटी झुडपाची मुळी देऊन रक्तदाबाच्या नोंदी करत होते.

१९११ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेले वकील लंडनमध्ये शिकून परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगांचे काम पाहू लागले. सर्पगंधेचा शोध त्यांचा नव्हे. आयुर्वेदाला ती जुनीच ओळखीची. बिहारकडे तर तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. तिने रक्तदाब उतरतो, असे कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच छापले होते. भारतात तिच्या गोळ्याही विकल्या जात होत्या. पण बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. गुण येतो असे सांगणारे पुष्कळ होते, आकडे मांडणारे थोडे.

वकिलांनी आकडे मांडले. ५० रुग्ण निवडले, औषधाआधीचा दाब नोंदला, चार आठवडे मुळीच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा मोजले. सुमारे ८५ टक्के रुग्णांचा वरचा दाब उतरला होता. हा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. आजच्या कसोटीवर ही चाचणी अपुरीच ठरेल, कारण शेजारी तुलनेचा गट नव्हता. तरी तो वाचून बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध मागवले आणि अमेरिकेत त्याचा वापर सुरू झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रिनलिन ते रिकामे करते; त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि नाडी मंदावते. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

मोठ्या मात्रेत मात्र काही रुग्ण खिन्न होत, नाक चोंदे, सुस्ती येई. या तक्रारींनी औषधाची पत हळूहळू घसरली. पण त्याआधी त्याने एक मोठे काम केले. दाब उतरवल्याने माणसे वाचतात का, हा प्रश्न तोवर वादाचाच होता. १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर चाचणी झाली. खोट्या गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर इजा झाली. रेसर्पिनसह तीन औषधे घेणाऱ्या ७३ पैकी फक्त दोघांना. वाद तिथेच निम्मा मिटला.

वकील १९७४ मध्ये वारले. मधुमेहींबाबतची शंका त्यांच्या मागे बरीच वर्षे राहिली. लघवी वाढवणाऱ्या औषधाने साखर थोडी चढते, म्हणून मधुमेह्याला ते द्यायला डॉक्टर कचरत. साठीपुढच्या ४,७३६ जणांवरील अमेरिकी चाचणीत पहिली गोळी तीच, क्लोरथॅलिडोन, होती; ती पुरली नाही तर अ‍ॅटेनोलॉल आणि तेही चालत नसेल तर रेसर्पिन. त्यांतल्या ५८३ मधुमेहींचा हिशेब १९९६ मध्ये वेगळा मांडला गेला. हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारख्याच टक्क्यांनी घटले होते. मधुमेहींचा मूळ धोकाच मोठा, त्यामुळे प्रत्यक्ष टळलेली संकटे त्यांच्यात दुपटीने अधिक भरली.

आता मधुमेह्याच्या लघवीत प्रथिने उतरत असतील तर डॉक्टर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातले औषध आधी देतात, कारण ते मूत्रपिंडही सांभाळते. दोन्ही एकत्र मात्र देत नाहीत. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहतात, वयस्करांचा दाब उभे करूनही मोजतात. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असते आणि तिथे पोहोचायला अनेकदा दोन-तीन औषधे लागतात. त्यांत रेसर्पिन आता क्वचितच असते.