लक्ष्मणराव किर्लोस्कर

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर लाकडी नांगर धरताना किती श्रम पडतात, हे आमच्या बहुतेक वाचकांस घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. म्हणून लोखंडी नांगर घडविणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र येथे सांगत आहो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळेना, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. हक्काची बढती दुसऱ्यास मिळताच नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात त्यांनी लक्ष घातले. तेथेच कडबा कापण्याचे यंत्र व त्यामागून लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी समज. सुमारे दोन वर्षे नांगरास गिऱ्हाईक मिळेना! आम्हांस त्यांच्या कल्पकतेहून ही दोन वर्षेच मोठी वाटतात.

नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनाजवळचा ३२ एकर ओसाड माळ दिला. निवडुंग तोडून १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांनी तेथे अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्यांस तर चक्क रात्रीची रखवाली सांगितली.

पुत्र शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्यास तेलावरील इंजिनांचा कारखाना काढला, तोही लक्ष्मणरावांच्या हयातीतच. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.