कै. रमाबाई रानडे आणि रुग्णांचें मन

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं इस्पितळांत झोप कां येत नाहीं, हें ज्यानें तशी रात्र काढली आहे त्यासच ठाऊक. कांहीं वर्षांपूर्वीं तो प्रसंग आम्हांवर आला. डॉक्टर पाहून गेले, घरचीं माणसें परतलीं, आणि आढ्याकडे पाहात आम्ही नाहीं नाहीं त्या कल्पना करूं लागलों. रात्रपाळीची परिचारिका नाडी पाहावयास आली. ठोके मोजून ती तशीच पुढें गेली नाहीं. स्टूल ओढून ती खाटेशेजारीं बसली आणि झोप कां लागत नाहीं, नेमकी कशाची धास्ती वाटते, असें तिनें विचारलें. सकाळीं किती वाजतां नेतील, गुंगीचें औषध कसें देतील, जाग येईल तेव्हां जवळ कोण असेल, हें सारें तिनें क्रमानें सांगितलें. काम पांच मिनिटांचें. परंतु आम्हांस झोप लागली.

पुढें वर्गांत न्यायमूर्ति रानडे यांचें चरित्र शिकवितांना आमच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या भाषेंत धीर देणारी ती बाई आमच्या खाटेपाशीं आपोआप आली नव्हती. आपल्या घरांतील स्त्रियांनीं परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच एके काळीं पुष्कळ मराठी कुटुंबांस असह्य वाटे. तो कल पालटण्यासाठीं ज्यांनीं आपलें उत्तरायुष्य वेंचलें, त्यांत न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई अग्रभागीं होत्या.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांतील देवराष्ट्रें या गांवीं, कुर्लेकरांच्या घराण्यांत झाला. माहेरीं त्यांस अक्षरओळख नव्हती. १८७३ सालीं, वयाच्या ११ व्या वर्षीं, त्यांचा विवाह झाला. पति ३१ वर्षांचे, विधुर आणि विद्वान्. त्यांनीं पत्नीस प्रथम मराठी व मागाहून इंग्रजी शिकविण्याचा क्रम आरंभिला. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस हें रुचलें नाहीं. टोमणे, अबोला, हेटाळणी हें सर्व त्या मुलीच्या वांट्यास आलें. उलट उत्तर द्यावयाचें नाहीं आणि पतीपाशीं गाऱ्हाणेंही न्यावयाचें नाहीं, असा त्यांचा निर्धार होता. मनांतलें ओझें उतरावयास जागा नसली म्हणजे माणूस कसें कोमेजतें, हा धडा त्या पुस्तकांतून शिकल्या नाहींत, असें आम्हांस वाटतें.

शेतकऱ्यांस सावकारी जाचांतून सोडविण्यासाठीं १८७९ सालीं जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, अहमदनगर आणि आपलें सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू होता. त्याच्या अंमलबजावणीसाठीं न्यायमूर्तींस दौरे करावे लागत. रमाबाई दौऱ्यांत बरोबर असत, आणि गांवोगांवच्या बायकांचें जिणें त्यांनीं जवळून पाहिलें. १८८२ सालीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज काढला, त्यांतही त्या जाऊं लागल्या. १८९३ सालीं न्यायमूर्तींची नेमणूक हायकोर्टांत झाली व बिऱ्हाड मुंबईस हाललें.

तेथेंच १८९६ सालीं प्लेग आला. त्या दिवसांत लोकांस रोगाची भीति होतीच. परंतु इस्पितळाची भीति त्याहून मोठी होती. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, जातपांत बुडते, परके लोक काय पाजतील याचा नेम नाहीं, अशा वार्ता घरोघर पसरल्या. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांच्या जमावानें हल्ला चढविला. दुसऱ्या वर्षीं पुण्यास प्लेग येतांच घरें धुंडाळण्यासाठीं गोरे शिपाई धाडले गेले, आणि लोकांनीं आपलीं आजारी माणसें दडविलीं. त्या लोकांस अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे; आम्ही मात्र हंसणार नाहीं. ज्या ठिकाणीं आपलें कोणी नाहीं आणि पुढें काय होणार हें कोणी सांगत नाहीं, तेथें शिकलेल्या माणसाचीही छाती धडधडते. वर सांगितलेल्या रात्रीं आमची तीच गत होती.

न्यायमूर्तींचें हृदय दुबळें झालें होतें. १९०० च्या डिसेंबरांत लाहोरास जाण्याचें त्यांनीं ठरविलें होतें, तें प्रकृतीमुळें रहित करावें लागलें. आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. शेवटच्या दुखण्यांत शुश्रूषा रमाबाईंनींच केली. त्या दिवसांची हकीकत १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या त्यांच्या ग्रंथांत आहे. घरीं असल्यास पालकांनीं ती मुलांस अवश्य वाचून दाखवावी.

रमाबाई पुण्यास परतल्या आणि एक वर्षभर घराबाहेर पडल्या नाहींत. त्यानंतर जें काम त्यांनीं प्रथम हातीं घेतलें, तें सभा भरविण्याचें नव्हे. दर आठवड्यास त्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांकडे जात. आणि इस्पितळांतील रुग्णांसाठीं फळें, फुलें व पुस्तकें घेऊन जात. औषध देणें त्यांचें काम नव्हतें. खाटेवर पडलेल्या बाईचें चित्त घटकाभर दुसरीकडे वळावें, तिला कोणी आपलें भेटावें, एवढेंच. परंतु एकट्या बाईच्या फेरीनें इस्पितळाची रात्र कशी सरणार?

१९०९ सालीं पुण्यास रानड्यांच्या वाड्यांत सेवासदनाचें काम सुरू झालें. रमाबाई त्याच्या अध्यक्षा आणि श्री. गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. पुढें लौकरच सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून इस्पितळांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेऊं लागल्या. तोंपर्यंत आपल्या प्रांतांत या धंद्यांत बहुतकरून युरोपियन आणि हिंदी ख्रिस्ती स्त्रियाच असत. आमच्या समाजांतील त्या भगिनींस लोक गरजेपुरतें हांक मारीत आणि बरे झाल्यावर ओळख विसरत. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. इतर समाजांतून ज्या प्रथम आल्या, त्यांत बऱ्याच तरुण विधवा होत्या.

त्यांस काय सोसावें लागलें, हें एका प्रसंगावरून कळेल. सेवासदनाच्या वार्षिक समारंभांत बक्षीस घेण्यासाठीं एक केशवपन केलेली विधवा व्यासपीठावर आली. श्रोत्यांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं तिची टर उडविली. समारंभ संपत आला असतां रमाबाई उभ्या राहिल्या. आपणांस सुशिक्षित म्हणवितांना तुम्हांस कांहीं वाटतें काय, तुमच्या घरीं अशी बहीण किंवा आत्या नाहीं काय, अशा आशयाचा जाब त्यांनीं विचारला. स्वतः विधवा असलेल्या बाईनें तो विचारल्यावर त्या मंडळींपाशीं उत्तर कोठून असणार?

आमच्या मतें जिनें स्वतः अपमान व एकटेपणा सोसला आहे, तिला दुसऱ्याची धास्ती न सांगतां ओळखतां येते. परंतु निव्वळ कळवळ्यानें काम भागत नाहीं, त्याचें शिक्षणही लागतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत १८६० च्या सुमारास दाखवून दिलें होतें कीं, अनिश्चितता, ताटकळणें आणि अवचित धक्क्याची भीति यांनीं रुग्ण श्रमांहूनही अधिक थकतो. म्हणून दाराबाहेर कुजबुज करूं नये, रुग्णाशीं बोलतांना त्यास दिसेल असें समोर बसावें, आणि उगाच खोटी आशा दाखवूं नये, असा त्यांचा दंडक होता. आज परिचारिकेस हेंच शास्त्र म्हणून शिकवितात. नाडी व श्वास जलद आहेत काय, झोप किती, जेवण किती गेलें, माणूस एकाएकीं गप्प झालें काय किंवा तेंच तेंच विचारीत आहे काय, हातांचा चाळा थांबत नाहीं काय, हें ती टिपून ठेवते. मग ती सरळ विचारते. कधीं धास्ती शस्त्रक्रियेची नसते; घरीं तान्हें मूल कोणापाशीं ठेवलें आहे, बिलाचे पैसे कोठून आणावयाचे, ही असते. जें सांगतां येईल तें ती आधीं सांगते, सावकाश दीर्घ श्वास घेण्यास शिकविते, नातेवाइकास जवळ बसूं देते. आणि इतक्यानेंही भागलें नाहीं तर डॉक्टरांस कळविते.

रमाबाई १९२४ सालीं निवर्तल्या. १९६२ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढलें. आपल्या शहरांतही सेवासदन या नांवाची मुलींची शाळा आहे, ती सोलापूरकरांस सांगावयास नको. आमच्या वर्गांत दर वर्षीं दोन-तीन मुलांच्या आया परिचारिका असतात. पालकसभेस त्या कधीं कधीं रात्रपाळी उरकून परस्पर गणवेशांतच येतात, आणि डोळ्यांवरची झोप आवरीत मुलाच्या गणिताचे गुण विचारतात.