थॅडियस स्टीव्हन्स

१८७३ साली जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या सज्जनांपैकी लिंकनचे नाव आपल्या घरोघरी पोचले. थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव मात्र फार थोड्यांनी ऐकले असेल.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्मांट राज्यातील डॅनव्हिल गावी झाला. घरात गरिबी, एक पाय जन्मतः वाकडा, त्यात बाप घर सोडून गेलेला. आईने काबाडकष्ट करून चार मुलगे वाढवले आणि ह्या लंगड्या मुलाला शिकवलेच. तो पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियात जाऊन वकील झाला.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १८२१ साली त्यांनी एका मालकाचे वकीलपत्र घेतले आणि खटला जिंकला. एक स्त्री आपल्या मुलांसह पुन्हा गुलामगिरीत गेली. पुढे हाच वकील पळून आलेल्या गुलामांसाठी न्यायालयात उभा राहू लागला. माणूस बदलतो तो असा.

१८३५ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात होता. गरिबांच्या पोरांसाठी आम्ही कर का भरावा, असे लोक म्हणत होते. स्टीव्हन्स यांचे मतदारही त्यांतच होते. तरी ते मतदारांच्या विरोधात उभे राहिले, आणि त्यांच्या भाषणाने कायदा वाचला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच राज्याची नवी घटना तयार झाली. तिने काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा त्या घटनेवर सही करण्यास त्यांनी साफ नकार दिला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. त्या काळात काँग्रेसमध्ये युद्धाच्या खर्चाची तजवीज करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६३ साली दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. गुलामगिरी संपवणारी तेरावी आणि कायद्यापुढे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पण कायद्याने पोट भरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा करा आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्या, अशी त्यांची मागणी होती. तिला त्यांच्या पक्षातूनही पुरेशी साथ मिळाली नाही. परिणाम काय झाला? कालचे गुलाम कालच्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागले आणि कर्जात बुडाले. बंधूंनो, ज्याच्या घरी सातबारा नाही त्याला हे वेगळे सांगायला नको.

१८६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील महाभियोग चालवण्यात ते पुढे होते. तेव्हा ते इतके खंगले होते की त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात उचलून न्यावे लागे. सिनेटमध्ये एका मताने तो महाभियोग फसला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला स्टीव्हन्स वारले. त्यांचा देह संसद भवनात दर्शनासाठी ठेवला, तेव्हा काळ्या सैनिकांनी पहारा दिला.

गावोगावच्या वेगळ्या स्मशानांची गोष्ट आपण जाणता. लँकेस्टर शहरातही मोठ्या दफनभूमींत काळ्यांना जागा नव्हती. स्टीव्हन्स यांनी तिथे पुरून घेणे नाकारले. सर्व वर्णांच्या माणसांना खुली असलेली एक छोटी दफनभूमी त्यांनी स्वतः निवडली आणि आपण हीच जागा का निवडली, हे थडग्यावर कोरून ठेवायला सांगितले. ते थडगे आजही तिथे आहे.